‘चारचा भोंगा’ आणि एक लाल चिठ्ठी

ता. ४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यात माझ्या तब्येतीची चौकशी दोन ओळींत आणि माझ्या आधीच्या पत्रातल्या चुकांची यादी दीड पानात आहे, यावरून तू ठणठणीत आहेस हे कळलं. बरं वाटलं. चौदा तारखेला मंगळवार नव्हता, बुधवार होता, हे कळवल्याबद्दल आभार. दाढ मंगळवारी काढली काय आणि बुधवारी काय, ठणकली तेवढीच.

आता कामाचं. आमचं रेडिओ केंद्र महिनाअखेर नव्या इमारतीत जातंय. तिथे साहेबांना फिरती खुर्ची आहे, पाहुण्यांना सोफा आहे, फक्त तबकड्यांना जागा नाही. म्हणून साहेबांनी फर्मान काढलं की जिचं नोंदकार्ड पूर्ण भरलेलं असेल तीच तबकडी नव्या इमारतीत येईल, बाकीच्या तीस तारखेला वितळवायला जातील. चाळीस वर्षं कोणी कार्डं भरली नाहीत, ती आता सव्वीस दिवसांत भरायची. संग्रहात मी एकटीच आहे, त्यामुळे कामाच्या वाटणीवरून भांडण नाही.

त्यात एक छोटी तबकडी सापडली आहे. बँडचं नाव ‘चारचा भोंगा’. गाण्याचा प्रकार रॉकाबिली. म्हणजे काय ते महिन्यापूर्वी मलाही ठाऊक नव्हतं, तेव्हा लाजू नकोस. गावाकडची गिटारवरची गाणी आणि पायाला खाज सुटेल असा ठेका, या दोघांनी घरच्यांना न विचारता लग्न केलं की जे मूल होईल ते. गाणारा मध्येच उचकी लागल्यासारखा गातो. आवाज विहिरीतून आल्यासारखा घुमतो. आणि बास नावाच्या माणसाएवढ्या उभ्या तंतुवाद्याच्या तारा छेडायच्या सोडून तळहाताने बडवतात.

हे लोक कोण, कुठले, कोणालाच माहीत नाही. जुन्या याद्या चाळल्या. दोन निवृत्त निवेदकांना फोन केले. एकाने वीस मिनिटं स्वतःच्या आवाजाबद्दल सांगितलं, दुसऱ्याने तीस. कार्डावर वादक, साल, मुद्रणाची जागा, आणि बँडमधल्या एका हयात माणसाने साहेबांसमोर केलेली सही, एवढं हवं. नाहीतर ही बहुधा एकुलती एक उरलेली प्रत वितळली म्हणून समज.

तुला का विचारते? पाकिटावर एक फोटो चिकटवलाय. तीन तरुण, उजव्या कडेला एक भलंमोठं उभं वाद्य, आणि ते धरणारा माणूस कात्रीने कापून टाकलेला. मागच्या भिंतीवर तुझ्या शिलाई यंत्राच्या कारखान्याचं नाव आणि ‘पॅकिंग खातं’. छत्तीस वर्षं तू तिथे मालतपासनीस होतीस. तुझ्या नजरेतून सुईचं वाकडं नेढं सुटलं नाही, आख्खा बँड कसा सुटला?

गाणं मात्र ऐकायला हवंस. एक मिनिट बावन्न सेकंदांवर बासचे दोन ठोके गायब होतात आणि एक मुलगी हसते. अगदी खळखळून. मग ठेका पुन्हा सुरू. ऑफिसात ज्याने ऐकलं त्याने तेवढीच जागा परत लावायला सांगितली. साहेबांनीसुद्धा, आणि ते स्वतःच्या विनोदालाही हसत नाहीत.

फोन केला नाही, कारण फोनवर बोललेलं परत तपासता येत नाही हे तुझं वाक्य मला पाठ आहे.

लोभ आहेच. त्यात काही खोट आढळल्यास परतीच्या टपालाने कळवावे.

तुझी,
बॉबिन


ता. ८ नोव्हेंबर

चि. बॉबिन हिस,
अनेक आशीर्वाद.

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला शिलाई यंत्राच्या सुट्या भागाच्या नावाने हाक मारू नये, ही तुझी जुनी सूचना पुन्हा एकदा तपासली. नामंजूर. लहानपणी तू जशी गरगर फिरत होतीस तशीच अजून फिरते आहेस.

तुझ्या पत्रात एक चूक आहे. मी तिथे छत्तीस नव्हे, छत्तीस वर्षं आणि चार महिने होते.

बँडबद्दल मला काही माहीत नाही. कारखान्यात दोन हजार माणसं होती. चारचा भोंगा झाल्यावर त्यातली कोण घरी गेली, कोण चहाला गेली आणि कोण खोक्याला दांडा लावून बडवत बसली, याची नोंद ठेवणं माझ्या कामात येत नव्हतं. माझं काम सोपं होतं. माल बरा असेल तर हिरवी चिठ्ठी, दुरुस्त होणार नाही इतका सदोष असेल तर लाल चिठ्ठी. लाल चिठ्ठीचा माल भट्टीत. आणि लाल चिठ्ठी ज्याने लावली त्यानेच काढायची, मॅनेजरनेसुद्धा नाही. हा नियम होता म्हणून आमची यंत्रं तीस-तीस वर्षं चालली. तुमच्या साहेबांना फिरती खुर्ची मिळाली आहे, ती किती दिवस फिरते ते कळव.

ज्या गाण्यात ठोके गायब आहेत आणि मध्येच कोणी फिदीफिदी हसतं, ते गाणं सदोष आहे. असला माल जपून ठेवायला तुम्हाला पगार मिळतो? वितळू दे की.

गुडघा बरा आहे. शेजारीण बरी नाही, पण ती कधीच नव्हती. आशीर्वाद आहेत, ते जपून वापर.

तुझी,
आत्या


ता. ११ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुला काही माहीत नाही म्हटल्यावर विषय संपला. कारखान्यातलं तुला माहीत नाही असं काही असू शकतं, हीच बातमी मी पाच वाजताच्या बातमीपत्रात देणार होते.

मी माझ्या अकलेने कार्ड भरलं आहे. साहेबांकडे देण्याआधी तुझ्या नजरेखालून जावं म्हणून प्रत पाठवते. वाचून फाडून टाक. त्यात असं लिहिलंय: हौशी कामगारांचा बँड. वादक तीन. गाणारा बहुधा कारखान्याचा ट्रकचालक. ढोल परदेशी बनावटीचा, विकत आणलेला. मुद्रण एका भाड्याच्या स्टुडिओत. बास गाणाराच वाजवत असावा, वादन बेताचं. हसण्याचा आवाज नंतर दुसरीकडून आणून जोडलेला.

सहीचं बघू. एखादा म्हातारा धरून आणीन. आता खोट्या नोंदीसुद्धा टाइप करून दिल्या की खऱ्या होतात, हे मी या नोकरीत शिकले.

गुडघ्याला शेक दे. शेजारणीला नको देऊस.

माझ्यावरची माया आहे त्या मापात राहू द्यावी, ही विनंती.

तुझी,
बॉबिन


ता. १५ नोव्हेंबर

चि. बॉबिन हिस,
अनेक आशीर्वाद.

असलं कार्ड माझ्या हाताखालच्या कोणी भरलं असतं तर मी त्याला गणवेशासकट भट्टीत घातलं असतं. परत पाठवते आहे. टाचणीने लावलेल्या लाल चिठ्ठ्या मोज. सात आहेत. आठवी तुझ्यासाठी आहे.

कारखान्यात ट्रकचालक गात नव्हते, शिव्या देत होते. गाणारा रंगखात्यात होता. यंत्राच्या काळ्या अंगावर सोनेरी वेल असते ना, ती काढायचा. सरळ एका दमात, कुंचला न उचलता. त्याला सगळे कोंबडा म्हणायचे, कारण केसांचा तुरा चार बोटं वर उभा आणि गाताना मध्ये मध्ये आरवायचा. त्याला वाटायचं आपण फार देखणे आहोत. गिटारवर जो होता तो फिटर, त्याला पान्हा म्हणायचे. तो पुढे परदेशी गेला आणि त्याचा पत्ता कोणालाच लागला नाही. ढोल परदेशी म्हणे! तेलाचा रिकामा डबा होता, आणि तो वाजवणाऱ्यालाही डबाच म्हणायचे. बिचारा मागेच गेला. फार सज्जन होता, ठेका कधी सोडला नाही.

स्टुडिओ भाड्याने घ्यायला ते काय संस्थानिक होते? गच्चीवर पाण्याची लोखंडी टाकी होती, धुण्यासाठी रिकामी केलेली. शिडीने आत उतरून तिथे वाजवलं. म्हणून आवाज घुमतो. आत इतकं उकडत होतं की गिटार दर पाच मिनिटांनी बेसूर व्हायची.

आणि ‘वादन बेताचं’ हे कोणत्या गाढवाने लिहिलं? बास हा पॅकिंगचा खोका होता. त्याला दांडा, आणि तारांच्या जागी पायमशीनचे चामडी पट्टे. ते ओढून बडवायचे म्हणजे तळहाताची साल निघते. आठ-आठ दिवस पट्टी बांधून कामावर जावं लागतं, आणि विचारणाऱ्याला बोट यंत्रात सापडलं म्हणून सांगावं लागतं. ते करता करता वर गायचं? कोणाच्या बापाला जमणार नाही.

हे सगळं मला पॅकिंग खात्यातल्या कोणीतरी कधीतरी सांगितलं होतं.

हसणं जोडलेलं नाही. टाकीत जोडणार कुठून?

पत्राला तिकीट कमी लावलं होतंस. पोस्टमनने तोंड वाकडं केलं. माया मापातच आहे, मापाला मात्र तू पुरत नाहीस.

तुझी,
आत्या


ता. १८ नोव्हेंबर

रेडिओवाल्या बाईंना,
स. न. वि. वि.

तुम्ही काल माझ्या दुकानात येऊन पाटी रंगवायची आहे असं खोटं सांगितलंत, आणि तासभर बसून माझ्याकडून सगळं काढून घेतलंत. चहा मात्र मीच पाजला. त्या दातांच्या डॉक्टरांच्या पाटीभोवतीची सोनेरी वेल पाहून माझा माग काढलात म्हणता. मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं की दवाखान्याला वेल शोभत नाही. पण हात ऐकत नाही. मी मटणाच्या दुकानालाही वेल काढली आहे.

तुम्ही लिहून मागितलंत म्हणून लिहितो.

होय, मीच तो कोंबडा. आता तुरा राहिलेला नाही, डोकं ताटासारखं चकचकीत झालं आहे. तबकडीच्या आम्ही तीनशे प्रती काढल्या. चार पेट्या आल्या. पान्हा म्हणाला, कारखान्याची रीत आहे, तपासल्याशिवाय माल बाहेर जात नाही, तेव्हा पेट्या तपासनीसबाईंकडे पाठवू. गंमत म्हणून. हिरवी चिठ्ठी लावून बाई बाहेर काढतील आणि आपण मिरवू. बाईंनी शनिवारी एक प्रत घरी नेली. सोमवारी चारही पेट्यांना लाल चिठ्ठ्या. कारण: एक मिनिट बावन्न सेकंदांवर दोन ठोके गायब.

ते ठोके बाईंच्याच हातून सुटले होते, हे तुम्ही आतापर्यंत ओळखलं असेल. आम्ही तिघे समोर उभे होतो. कोणाची एक शब्द बोलायची छाती झाली नाही. नियम म्हणजे नियम. पेट्या भट्टीत गेल्या. नंतर आम्ही पुन्हा वाजवलं नाही. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर मिटलं तरी असतं.

पेट्या भट्टीकडे जाताना तिसऱ्या पेटीतली एक प्रत मी सदऱ्यात घातली. आयुष्यातली ही माझी एकच चोरी. घरी ठेवायची हिंमत नव्हती म्हणून फोटो चिकटवून तुमच्या केंद्राला पाठवली. त्यांनी कधी लावली नाही. कापलेला तुकडा कुठे आहे ते विचारू नका.

चूक मला माहीत होती. त्या चुकीसाठीच ती चोरली. माझी बायको जाऊन सात वर्षं झाली. मी पाट्या रंगवताना ते गाणं गुणगुणायचो आणि त्या जागेला थांबायचो. ती विचारायची, इथे का हो थांबता? मी म्हणायचो, इथे दुसऱ्याचा आवाज आहे.

सहीचं म्हणाल तर मी करणार नाही. त्या मालावर लाल चिठ्ठी आहे. ज्याने लावली त्यानेच काढावी. बाईंना विचारा, हिरव्या चिठ्ठ्या शिल्लक आहेत की तेव्हाही नव्हत्याच?

लोभ नवीन आहे, रंग वाळेपर्यंत हात लावू नये.

आपला,
पाटीवाला (पूर्वीचा कोंबडा)


ता. १९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोबत एक पत्र जोडलं आहे. आधी ते वाच, मग बस, मग हे वाच. बसूनच वाचत असशील तर उभी राहू नकोस.

तू काही बोलण्याआधी कबुली देऊन टाकते. कार्डावरच्या सातही चुका मी मुद्दाम केल्या. तुझ्याकडून खरं काढायचं असेल तर प्रश्न विचारून उपयोग नसतो, समोर चुकीचा माल ठेवावा लागतो. हे मी नऊ वर्षांची असल्यापासून जाणते. आई गेल्यावर तू मला घरी आणलंस, तेव्हा तुझं तरुणपण कसं होतं म्हणून विचारलं की तू म्हणायचीस, दप्तर दाखव. ‘वादन बेताचं’ हे शब्द मी तासभर विचार करून निवडले होते. तुला ते लागले याचं वाईट वाटतं. खूप नाही.

दुसरी कबुली. पहिल्या पत्रात मी खोक्याचा शब्दही काढला नव्हता. ‘खोक्याला दांडा लावून’ हे तूच लिहिलंस. पण त्याच्याही आधी मला कळलं होतं. फोटोत माणूस कापलाय, पण वाद्याचा दांडा धरलेला हात राहिला आहे. त्या मनगटावर जिथे घड्याळ दिसायला हवं तिथे नुसतं बक्कल आहे. घड्याळाचं तोंड आत वळवून बांधणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. नव्या यंत्रांवर चरा पडू नये म्हणून. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी तू ते तसंच बांधतेस. आता कोणत्या यंत्रावर चरा पडणार आहे?

कार्ड आता पूर्ण आहे. वादक चार. साल पाटीवाल्याने सांगितलं, बाकी सगळं तुझ्याच शब्दांत. एक रकाना रिकामा: हयात सभासदाची सही. तुम्ही दोघंच उरलात. एकजण तू लावलेली चिठ्ठी काढायला तयार नाही. दुसरी तू.

अकरा दिवस आहेत. ये, सही कर. बसचं तिकीट मी काढते.

आहे तो लोभ तूच तपासून पाठवलेला आहे, तेव्हा तक्रार ऐकली जाणार नाही.

तुझी,
बॉबिन


ता. २२ नोव्हेंबर

चि. बॉबिन हिस,
आशीर्वाद.

नाही.

माल सदोष होता. चिठ्ठी बरोबर होती. दोन ठोके म्हणजे दोन ठोके. ते माझे होते म्हणून सोडून द्यायला मी काय मॅनेजरची मेहुणी होते?

आणि चोरीचा माल सांभाळणाऱ्या केंद्राने मला कार्ड दाखवू नये. त्या पाटीवाल्यालाही सांग, दवाखान्याला वेल काढणं हा सुद्धा दोषच.

घड्याळ मी कसंही बांधीन.

आत्या


ता. २४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. अख्ख्या ऑफिसने वाचलं, कारण पोस्टकार्ड तेवढ्यासाठीच असतं. साहेब म्हणाले, बाई खंबीर दिसतात. मी म्हटलं, तुम्ही अजून काही पाहिलं नाहीत.

आता मी टोमणे मारणार नाही. म्हणजे प्रयत्न करीन.

तू माझं दप्तर तपासलंस, भांग तपासलास, मैत्रिणी तपासल्यास. नवरा तपासलास तेव्हा लाल चिठ्ठी लावलीस. ती मी माझ्या हाताने काढली, नियम मोडून, आणि सहा वर्षांनी ट्रंक घेऊन तुझ्या दारात उभी राहिले. तेव्हा ‘मी सांगितलं होतं’ असं तू एकदाही म्हणाली नाहीस. ट्रंक उघडलीस, कपड्यांच्या घड्या केल्यास आणि कपाटातला वरचा खण रिकामा केलास. त्या खणात तुझे हिवाळ्याचे कपडे होते. ते तू नंतर दोन वर्षं पलंगाखाली ठेवलेस. मला सगळं माहीत आहे. मी पण तुझ्याच हाताखाली शिकले.

पण एक गोष्ट मला माहीत नव्हती. ती तबकडी मी पहिल्या दिवशी बारा वेळा लावली. गाण्यासाठी नाही. हसणाऱ्या मुलीचा आवाज ओळखीचा वाटत होता आणि कुठे ऐकलाय ते आठवत नव्हतं. मग लक्षात आलं की कुठेच ऐकलेला नाही. शेवटी जो श्वास आत ओढला जातो ना, तो तुझा आहे. जिना चढून वरच्या मजल्यावर आलीस की घेतेस तोच. फक्त त्याच्या आधीचं हसणं मला नवीन होतं.

पस्तीस वर्षं मी तुझ्याजवळ आहे, आत्या. तुला खोकताना, रागावताना, घोरताना ऐकलं. हसताना पहिल्यांदा ऐकलं ते या महिन्यात, कानाला हेडफोन लावून, ऑफिसच्या वेळेत.

तीस तारखेला ते वितळणार. नियम तुझा नाही आणि माझाही नाही, पण तबकडी पेटीत मलाच भरायची आहे. पेटीवर यादी लागते, त्यात कारणाचा रकाना असतो. मी काय लिहू तेवढं सांग. ‘दोन ठोके गायब’ असं लिहिणार नाही. ते खरं असलं तरी कारण ते नाही, असं मला वाटतं. चुकत असेन तर लाल चिठ्ठी लाव.

तुझी आहे ती माया अशीच कडक राहू दे.

बॉबिन


ता. २७ नोव्हेंबर

चि. बॉबिन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्रात चूक नाही. शोधली.

कारण लिहिते. कार्डावर घालू नकोस, पेटीवर तर नाहीच.

मी बावीस वर्षांची होते. टाकीत उकाडा म्हणजे भट्टी बरी. कोंबड्याने त्या दिवशी तुऱ्याला अर्धी बाटली तेल थापलं होतं. गाणं निम्म्याच्या पुढे गेलं आणि तेल पातळ होऊन तो तुरा आधी कलला, मग हळूहळू खाली उतरला आणि नाकापर्यंत आला. डोळे झाकले तरी हा गायचा थांबेना. गात गात वळला, आणि मायक्रोफोन सोडून टाकीच्या भिंतीला गाणं म्हणायला लागला, तेही हात पुढे करून, अगदी प्रेमाने. मी हसले. हात सुटला. ही एवढी गोष्ट.

रविवारी घरी तबकडी लावली. तुझे वडील, म्हणजे माझा दादा, ओसरीवर पेपर वाचत होता. त्याला बँडचं काही माहीत नव्हतं, कोणालाच नव्हतं. त्याने तिथूनच विचारलं, ही हसणारी मुलगी कोण गं? मी म्हटलं, असेल कारखान्यातली कोणीतरी. दादा पेपरातून डोकं न काढता म्हणाला, तो गाणारा तिला आवडत असणार.

बॉबिन, ओसरीवर बसलेल्या माणसाला, पेपर वाचता वाचता, दोन सेकंदांत कळलं. मला तोवर कळलं नव्हतं. आणि अशा तीनशे प्रती. तीनशे घरांत, तीनशे ओसऱ्यांवर.

सोमवारी लाल चिठ्ठ्या लावल्या. ठोके गायब होते, ते खरंच आहे. पण ठोक्यांसाठी मी माल परत पाठवला नाही. ठोक्यांपायी तीनशे यंत्रं कोणी भट्टीत घालत नाही, दुरुस्तीला पाठवतात. पान्ह्याला हे ठाऊक होतं, डब्याला ठाऊक होतं. डबा तर तपासणीतच मुरलेला. तिघेही समोर उभे होते आणि कोणी म्हणालं नाही, बाई, दुरुस्त करू की. मी तेवढ्याची वाट पाहत होते. आता कोंबडा लिहितो की छाती झाली नाही. माझी तरी कुठे झाली.

छत्तीस वर्षं आणि चार महिन्यांत मी खोटी चिठ्ठी एकदाच लावली. ती तशीच राहिली तर माझ्या बाकीच्या सगळ्या चिठ्ठ्यांना अर्थ नाही. म्हणून येते. तुझ्यासाठी नाही, हसण्यासाठी तर मुळीच नाही. नोंद दुरुस्त करायला.

तीस तारखेला अकराला पोचेन. बसचं तिकीट मी काढलं आहे, तू खिडकीची जागा घेतली नसतीस. साहेबांना सांग, सही मी उभी राहून करीन, त्यांच्या खुर्चीवर माझा भरवसा नाही. हिरव्या चिठ्ठ्यांचं एक पुस्तक घरी होतं, कारखाना बंद झाला तेव्हा आणलेलं. कागद पिवळा पडलाय, हिरवं म्हणजे आता नावालाच, पण दोरा शाबूत आहे. कार्डावर बासच्या पुढे माझं नाव लिही आणि ‘वादन’ या रकान्यात काही लिहू नकोस. ऐकणारा ठरवेल.

तुझ्या घरी दोन दिवस राहीन. वरचा खण रिकामा कर.

तुझ्यावर लोभ आहे. तपासलेला आहे.

तुझी,
आत्या

ता. क. त्या पाटीवाल्यालाही अकराला बोलाव. येताना टोपी घालू नको म्हणावं. मला हसायला काहीतरी पाहिजे.